रांजणाला वळसा

मंचरला चहासाठी थांबलो आणि परत येऊन पाहतो तर गाडीभोवती पाच-सहा माणसं उभी होती. टपावर आमच्या दोन कयाक बांधलेल्या होत्या, एक निळी, एक पिवळी. कयाक म्हणजे एका माणसापुरती, वरून बंद असलेली प्लास्टिकची होडी. मध्ये कंबर जाईल एवढं भोक, त्यात बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्यानं पाणी मारत जायचं. हे ज्यानं कधी पाहिलेलं नाही त्यानं अंदाज तरी काय करावा? एकाला त्या फवारणीच्या टाक्या वाटल्या. दुसरा म्हणाला, "गणपतीच्या डेकोरेशनचं आसंल काय तरी."

मिलिंदनं खरं काय ते सांगितलं.

"मंग डिंभ्याच्या धरणात चालवणार का?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही बाबा. त्याच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे, त्यात."

"वढ्याला पूर आलाय राव."

"म्हणून तर चाललोय."

म्हाताऱ्यानं आमच्याकडे दवाखान्यात पेशंटला भेटायला आल्यासारखं पाहिलं आणि टपरीवाल्याला सांगितलं, "यांना अजून एकेक चहा दे."

आम्ही तिघं होतो. मी पुण्यात एका शाळेत गणित शिकवते, वय सत्तेचाळीस. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मला पळणं बंद करून एखादा बसून करायचा व्यायाम शोधायला सांगितला. मी शोधला. आता ते डॉक्टर माझ्याशी फारसं बोलत नाहीत. मिलिंद त्याच शाळेत विज्ञान शिकवतो आणि या नादात माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जुना आहे. वृंदा त्याची बायको. तिला उत्तम पोहता येतं, पण ती वाहत्या पाण्यात उतरत नाही. तिचं काम काठावर उभं राहून दोरी फेकण्याचं; दोरी एका पिशवीत भरलेली असते आणि पिशवी फेकली की उलगडत जाते. कॉलेजात ती थाळीफेक खेळायची, त्यामुळे ते काम तिच्याकडे आपोआप आलं. आमचा एक नियम आहे. तिघांपैकी एकानं "नाही" म्हटलं की नाही. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. हा नियम वृंदानं केला आणि तो त्यांच्या घरातही लागू आहे, असं मिलिंद म्हणतो.

घोडेगाव सोडल्यावर टपावरून घोंऽऽ असा आवाज यायला लागला. वेग वाढवला की सूर चढायचा. एक-दोन किलोमीटर आम्ही गाडीचं काय बिघडलं म्हणून चर्चा केली, मग मिलिंदनं उतरून पाहिलं, तर होड्या बांधायचा पट्टा वाऱ्यात थरथरत होता. त्याला एक पीळ दिला आणि आवाज थांबला. विज्ञानाच्या शिक्षकाला हे आधी सुचायला हवं होतं, एवढंच वृंदा म्हणाली.

डिंभ्याच्या धरणाची भिंत मागे पडली की रस्ता पाण्याच्या कडेकडेनं आत शिरतो. एका बाजूला पसरत चाललेला जलाशय, दुसरीकडे ढगात डोकं खुपसलेले डोंगर. आषाढ संपायला चार दिवस उरले होते. खाचरांत (बांध घालून पाणी अडवलेली भाताची शेतं) आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. ओणवी माणसं आमच्या गाडीचा आवाज आला की ताठ होत, टपाकडे बघत आणि पुन्हा ओणवी होत.

डांबर संपतं तिथं सात-आठ घरांची वस्ती आहे. मिलिंद उन्हाळ्यात एकदा इथला कोरडा ओढा चालत पाहून गेला होता आणि तेव्हा कोंडीभाऊंच्या घरी पाणी प्यायला होता. तेवढीच आमची ओळख. कोंडीभाऊ साठीचे, बारीक, काटक. त्यांच्या पत्नी हिरामावशी त्यांच्याहून उंच आणि आवाजानंही मोठ्या. आम्ही काय करणार आहोत ते मिलिंदनं सांगितलं.

"आमी पुरात वढा वलांडत बी न्हाई," मावशी म्हणाल्या, "आन तुमी त्यात बसून जाणार."

"सगळा आधी बघून घेऊ. जमेल तेवढाच करू."

"आन न जमंल तो?"

"तो चालत."

हे त्यांना पटलं. कोंडीभाऊंची अडचण मात्र वेगळी होती. ओढा जिथं खाली भाताच्या पट्टीत उतरतो तिथं त्यांनी मासे धरायला बांबूची तट्टी लावली होती. पाणी तट्टीतून निघून जातं, मासा राहतो. पूर आलेल्या ओढ्यात आम्हाला सगळ्यात जास्त भीती असते ती अशाच गोष्टींची. आडवं पडलेलं झाड, कुंपणाची तार, तट्टी. पाणी पार होतं आणि माणूस त्यावर दाबला जाऊन अडकतो. आम्ही आपसात त्याला गाळणी म्हणतो, आणि गाळणीत चहापत्तीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

"आखाडाचं चार दिस राह्यलं," कोंडीभाऊ म्हणाले. "सरावण लागला का मासं बंद. आन आता तट्टी काढू?"

"काढा की," मावशी आतून म्हणाल्या. "चार दिसांत कोंचा देवमासा घावणार हाय."

परत बांधायला हात लावीन असं मिलिंदनं कबूल केलं, तेव्हा कोंडीभाऊ कोयता घेऊन निघाले. जाता जाता एक गोष्ट सांगून गेले. "पाण्याच्या रंगावर ध्यान ठिवा. वर डोंगरात लई पडला का आधी पाणी तांबडं व्हतं, मंग चढतं. तांबडं दिसलं का भाईर निघायचं."

पाहणीला आमच्याबरोबर हिरामावशी आल्या. डोक्यावर इरलं (पाठ झाकणारं पानांचं पावसाळी आच्छादन), पायांत काही नाही. आम्ही तिघं महागाचे, न घसरणारे बूट घालून घसरत होतो आणि त्या पुढे जाऊन आमची वाट बघत होत्या.

वरचा टप्पा सोपा निघाला. लांबलचक उतार, मध्ये मध्ये खडक, पाणी पांढरं पण सरळ मनाचं. त्याच्या शेवटी कमरेएवढी एक पायरी. तिच्याखाली पाणी पडून पुन्हा पायरीकडेच वळत होतं आणि जागच्या जागी घुसळत होतं.

"ह्ये ताकाचं मडकं," मावशी म्हणाल्या. "पोरं म्हनत्यात."

ताकाच्या मडक्यातून जोरात वल्ही मारून सुटता येईल असं मला आणि मिलिंदला वाटलं. खालच्या बाजूला उजवीकडे एक सपाट कातळ होता, तिथं वृंदा दोऱ्या घेऊन उभी राहणार असं ठरलं. कातळापुढं वीसेक पावलांवर, त्याच काठाला, एक उंबर पाण्यावर वाकला होता. आणि उंबरानंतर ओढा दोन मोठ्या दगडांच्या मधून खाली पडत होता. उन्हाळ्यात मिलिंदनं पाहिलं तेव्हा तिथं नुसता डोह होता. आता सगळं पाणी तिथं एकवटून गुळगुळीत, काचेसारखं वाकून खाली जात होतं. पुरुषभर उंची, डावीकडे स्वच्छ वाट. मी मनातल्या मनात तिथून तीनदा उतरले. शाळेतल्या स्टाफरूममध्ये कसं सांगायचं तेही ठरवलं.

"इथून जाता येईल," मी म्हटलं. मिलिंदनंही मान हलवली.

मावशींनी काठची निर्गुडीची एक फांदी मोडली आणि मी दाखवलेल्या वाटेवर बरोबर फेकली. फांदी त्या काचेवरून डौलात गेली, खाली पडली आणि दिसेनाशी झाली. आम्ही वाट बघितली. मी गणिताची, म्हणून आकडे मोजायचं काम माझ्याकडे. शंभरपर्यंत मोजले. फांदी आली नाही.

त्यांनी दुसरी फेकली. ती बासष्टाव्या आकड्याला बरीच खाली वर आली. तिच्यावर एक पान नव्हतं आणि साल निघाली होती.

"ह्यो रांजण," मावशी म्हणाल्या. "दगडाच्या पोटात पोकळ हाय. पाणी वरून जातं असं वाटतं, जातं खालून. माझ्या म्हशीची पारडी गेली हितं, पाच सालं झाली. दावं व्हतं माझ्या हातात. सोडावं लागलं."

वृंदा म्हणाली, "नाही."

कुणी कारण विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाईटही. मग ठरलं ते असं. मडक्यातून उतरायचं, लगेच उजवा काठ धरायचा, उंबरापाशी बाहेर पडायचं, होड्या खांद्यावर घेऊन रांजणाला वळसा घालायचा आणि पुढं खाली पुन्हा पाण्यात उतरायचं. उंबराला वृंदानं आपली लाल ओढणी बांधली, लांबून दिसावी म्हणून. मावशी म्हणाल्या, "मी हितं थांबते."

"मावशी, तुमची आवणी राहील."

"ऱ्हाऊ दे."

अकराच्या सुमारास आम्ही वर पाण्यात उतरलो. हेल्मेट, लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी. मिलिंद पुढं पिवळ्या होडीत, मी मागं निळ्या. पहिल्या टप्प्याचं वर्णन करायला मला जमणार नाही, कारण मी पूर्ण वेळ हसत होते. सत्तेचाळीस वर्षांची बाई एरवी कुठे इतकी हसते? पाणी होडीला उचलायचं, खडकाकडे न्यायचं, अगदी शेवटी बाजूला घ्यायचं. मोठ्या खडकामागे पाणी थबकलेलं असतं, तिथं नाक घुसवून आम्ही थांबायचो, दम घ्यायचो, पुढचं बघायचो आणि एकामागून एक निघायचो. बांधावर चार माणसं आवणी सोडून उभी होती. त्यातल्या एकीनं हात हलवला आणि मीही हात हलवला, आणि तेवढ्यानं होडी आडवी झाली. त्यानंतर मी कुणालाही हात हलवला नाही.

मिलिंद ताकाच्या मडक्यात उतरला, चार वल्ही जोरात मारली आणि सुटला. उजवीकडच्या खडकामागे वळून त्यानं वल्हं उभं धरलं. म्हणजे ये.

मी निघाले. माझी चूक सांगते, कारण ती अगदी साधी होती. पायरीवरून उतरता उतरता मी रांजणाकडे बघितलं. पुढचं पाणी बघायच्या ऐवजी त्याच्या पुढचं बघितलं. तेवढ्यात मारायचं वल्हं राहिलं आणि मडक्यानं होडीचं शेपूट धरलं.

होडी आडवी झाली, मग उलटी. उलटी झालेली होडी आतून वल्ह्याच्या झटक्यानं सरळ करता येते. पोहण्याच्या तलावात मला ते दहापैकी नऊदा जमतं. इथं तीनदा केलं, तीनदा अर्धी वर आले आणि पुन्हा खाली गेले. कानात पाण्याची घुसळण, नाकात पाणी, आणि डोक्यात एकच विचार की दहावी वेळ ही असणार. मग मी कमरेभोवती भोकावर ताणून बसवलेलं आवरण ओढून काढलं आणि बाहेर पडले. मडक्यानं मला एकदा गोल फिरवलं आणि सोडलं.

वर आले तेव्हा मिलिंदच्या शिट्ट्या ऐकू आल्या, तीन तीन. अशा वेळी उभं राहायचं नसतं. पाय दगडात अडकला तर पाणी माणसाला त्याच्यावर वाकवतं. पाठीवर पडून पाय पुढं ठेवायचे. मी ठेवले. माझ्या पायांच्या मधून मला लाल ओढणी दिसत होती आणि ती भराभर मोठी होत होती.

कातळावरून वृंदानं दोरी फेकली. ती माझ्या डोक्यामागं पडली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट आठवतंय. भीती वाटली, पण त्याच्या आधी वाटलं की वृंदाला फार वाईट वाटेल. मी तिच्याकडे बघितलं. ती वाईट वाटून घेत नव्हती. पायाशी दुसरी पिशवी तयार ठेवलेली होती, ती उचलून तिनं कमरेतून वळून थाळीसारखी फेकली. दोरी माझ्या छातीवरून आडवी गेली. मी ती दोन्ही हातांनी धरली. हाताला गुंडाळायची नसते, नुसती धरायची असते. वृंदा खाली बसली, टाचा कातळाच्या खाचेत रोवल्या आणि दोरी ताणली गेली. पाणी मला काठाकडे ढकलायला लागलं, पण मी खालीही सरकतच होते. उंबराच्या मुळ्या डोक्याशी आल्या. त्याच्यापुढं ती काच दिसत होती.

तेवढ्यात माझा उजवा दंड कुणीतरी धरला. हिरामावशी गुडघाभर पाण्यात होत्या, एक हात उंबराच्या मुळीत अडकवलेला. त्यांनी एकदा श्वास घेतला आणि मला ओढून काठावर टाकलं. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. मी चिखलात पालथी पडले आणि त्यांनी माझा दंड सोडला नाही.

निळी होडी पोट वर करून आमच्या समोरून गेली. रांजणाच्या तोंडाशी तिचं नाक खाली गेलं, क्षणभर ती सरळ उभी राहिली आणि दगडाच्या पोटात नाहीशी झाली. मिलिंद उंबरापाशी येऊन उतरला होता. आम्ही चौघं बघत राहिलो. मी आकडे मोजायला लागले, पण तिसाच्या पुढं मला जमेना. मग वृंदानं मोजले. दोनशे दहाला खालून कोंडीभाऊंची हाक आली.

खाली गेलो तेव्हा ते भातपट्टीच्या तोंडाशी, तट्टी काढलेल्या जागी उभे होते आणि होडीच्या नाकाला धरून ती ओढत होते. नाक चेपलं होतं, एक वीतभर तडा गेला होता.

"तट्टी काढली, तर ह्यो येवढा घावला," ते म्हणाले.

मी हसायला लागले आणि थांबता येईना. शेवटी वृंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

रांजणाखालचा एक टप्पा अजून शिल्लक होता. मिलिंदची होडी धड होती. त्यानं पाण्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "एवढा एक मी करून येऊ?"

मी ओढ्याकडे पाहिलं. सकाळी पाणी राखाडी होतं. आता काठालगत चहाची झाक आली होती. कदाचित माझ्या मनाचा खेळही असेल.

"नाही," मी म्हटलं.

मिलिंदनं हेल्मेट काढलं. तो आणि कोंडीभाऊ तट्टी बांधायला लागले, पण दोन बांबू लागतात न लागतात तोच कोंडीभाऊ थांबले, पाणी ओंजळीत घेऊन बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चला वर." आम्ही घराच्या ओट्यावर पोचलो तोवर ओढ्याचा आवाज बदलला होता. अर्ध्या तासानं मी आणि वृंदा बघून आलो. पाणी विटकरी रंगाचं होतं. वृंदा उभी होती तो कातळ दिसत नव्हता. ओढणीचं एक टोक पाण्यात ओढलं जात होतं. आम्ही ती तशीच राहू दिली.

जेवायला खेकड्यांचं कालवण, नाचणीची भाकरी आणि कांदा होता. कालवण इतकं तिखट की नाकात उरलेलं ओढ्याचं पाणी सगळं बाहेर आलं. मावशींनी मला तिसरी भाकरी वाढली आणि विचारलं, "तुज्या घरी म्हाईत हाय का, तू आसलं करती?"

"माहीत आहे. पण एवढं माहीत नाही."

"सांगू नगं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "न्हाई, सांग. कुनाला तरी म्हाईत आसावं."

जेवताना वृंदा पहिली दोरी का चुकली याचाच विचार करत होती. निघायच्या आधी तिनं अंगणात पिशवी भरून सहा-सात वेळा दोरी फेकली, गोठ्याच्या खांबावर. मावशींच्या म्हशीनं रवंथ थांबवून ते सगळं पाहिलं. सातही वेळा दोरी खांबावर पडली. "आता पडतेय," वृंदा म्हणाली आणि पिशवी गाडीत टाकली.

परतताना आम्ही जुन्नरवरून नारायणगावला आलो. टोमॅटोच्या गाड्या, शेअर जीपा आणि ट्रक यांच्या गर्दीत आमची गाडी अर्धा तास एकाच जागी होती. समोरच एक दुकान होतं, टोमॅटोची फुटलेली कॅरेट (प्लास्टिकचे जाळीदार खोके) जोडून देणारं. मिलिंदनं उतरून होडीचा तडा दाखवला. दुकानदारानं नाकावर बोट फिरवलं.

"कुठं आदळली?"

"दगडाच्या पोटात गेली होती."

"आत कोन व्हतं?"

"कुणी नव्हतं."

त्यानं माझ्या चिखलानं भरलेल्या कपड्यांकडे पाहिलं. गरम हवेच्या बंदुकीनं त्यानं एका लाल कॅरेटचा तुकडा वितळवून तडा बुजवला. निळ्या होडीला आता लाल नाक आहे. मला ते आवडतं.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, केला का ओढा? मी म्हटलं, अर्धा. मग मी मडक्याची आणि दोरीची गोष्ट सांगितली, आणि ती सगळ्यांना आवडली. रांजणाला वळसा घातला ती गोष्ट कुणाला फारशी आवडली नाही, कारण त्यात काही घडतच नाही. फांदी फेकली, नाही म्हटलं, झाडाला ओढणी बांधली. सांगताना मलाही ते जरा बेचव लागतं. पण मावशी उंबरापाशी थांबल्या, त्या याच बेचव भागामुळे. पाण्यानं मला दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी नेलं असतं तर तिथं हात नसता.

दंडावर त्यांची पाच बोटं उठली होती. आधी काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळी. नवव्या दिवशी अंगठ्याची खूणही गेली. त्या दुपारी मी कोंडीभाऊंचा नंबर लावला. दोनदा रेंज नव्हती. तिसऱ्यांदा मावशींनी उचलला.

"कोन?"

"मी, पुण्याची. ओढ्यातली."

"हां, बोल. दंड कसा हाय?"

"बरा आहे मावशी."

"लई जोरात धरला व्हता मी," त्या म्हणाल्या.

मी आवणी झाली का ते विचारलं. झाली, म्हणाल्या, आणि पाऊस किती आहे ते सांगत राहिल्या. मी ऐकत राहिले.